उघाडीवरची पहिली बोय

“हा तर आपला बाळ्या!” मालू पोट धरून हसली. “आन् हापण बाळ्याच! आय, नऊ वर्सं तुमी आपल्याच कुत्र्याला बोय खायला घालताव!”

ओट्यावर फोटो मांडले होते. रोह्याच्या कॉलेजातल्या अनिता मॅडमनी खाडीच्या उघाडीपाशी, बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापाशी, एक कॅमेरा बांधला होता; समोरून काही गेलं की तो आपला आपणच फोटो काढायचा. चिखलात कसलीशी पावलं उमटली, बिबट्याची आवई उठली, म्हणून हा सगळा खटाटोप. सून मालूला त्याचं भारी कौतुक. पण ठमाबाईला बिबट्याशी काय देणंघेणं! तिचा जीव अडकला होता उघाडीजवळच्या दगडात.

तिचा नवरा हिरामण मिठागरावर राबायचा आणि सांजेला उघाडीवर पाग टाकायचा. जाळ्यातली पहिली बोय मासळी त्या दगडावर, पाणमांजरांसाठी. “खाडी आधी त्यांची, मंग आपली,” म्हणायचा. पाच-सहा पाणमांजरं शिट्ट्या घालत, एकमेकांना ढकलत यायची आणि नवी नवरी ठमाबाई बांधावर हसून हसून बेजार व्हायची. काय दिवस होते ते! पुढे मिठागर पडीक झालं, पाणमांजरं दिसेनाशी झाली, नऊ वर्षांमागे हिरामणही गेला. ठमाबाईने मात्र बोय चुकवली नाही. पाग टाकता येईना, तर बाजारातली आणून ठेवली. सकाळी दगड रिकामा दिसला की तिला वाटे, त्याच्या ओळखीचं कोणीतरी अजून येतंय.

आणि निघाला कोण, तर बाळ्या! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“हा एक राहिलाय,” फोटो घेऊन आलेली अनिता म्हणाली. “निम्मंच जनावर आलंय. मुंगूस असावं.”

ठमाबाईने फोटो डोळ्यांजवळ नेला. पाठ, मागचे पाय, शेपूट.

“मुंगूस नाय गो बाय. मुंगसाची शेपूट केसाळ. ही बघ, बुडाला जाड, टोकाला निमुळती. अंग ओलंचिप्प. आन् पंजा बघ, बोटांच्या मधी कातडं हाय. पाणमांजर हाय ते!”

अनिताने पुस्तक उघडलं, चित्राशेजारी फोटो धरला, भिंग लावलं. “अगं बाई! आजी, तुमचंच बरोबर आहे.”

मालूचं हसू कुठल्या कुठे पळालं. “आय, खरंच येतंय वो!”

ठमाबाई मात्र फोटोचे कोपरे न्याहाळत होती. “बाकीची कुठं हायेत?”

“तीन आठवड्यांत एवढंच आलं, आजी. एकटंच.”

“एकटंच व्हय,” ठमाबाई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. “माज्यावाणीच झालं की बिचाऱ्याचं.”

दुसऱ्या दिवशी सांजेला मालूने कोणी न सांगता बाळ्याला खांबाला बांधलं. ठमाबाईने दगडावर बोय ठेवली. रोज ती लगेच माघारी फिरायची. आज थोडं अंतर सोडून बांधावर टेकली आणि भरतीचं पाणी चढेपर्यंत तिथेच बसून राहिली.