सतरा हरकती

बाईंनी घंटेचं बटण दाबलं. पडद्यावरचा नवरा शर्टाची कॉलर लपवता लपवता तोंड उघडं टाकून तसाच थांबला.

"आता काय झालं?" शेजारच्या खुर्चीतून दातांचे डॉक्टर म्हणाले.

"बारावी हरकत. कॉलरला लिपस्टिक लागलीय आणि हा बायकोला सांगतो, टोमॅटो सॉस आहे. आणि ती चाटून बघते! बायको म्हणजे काय बिनडोक असते?"

"अहो, विनोद आहे तो."

"कुणाला?"

पुढच्या रांगेतले जजसाहेब मागे न वळता म्हणाले, "लिहा, बाई. ऑपरेटर, चालू करा." त्यांना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण सगळे अजून त्यांना जजसाहेबच म्हणत.

कुठला चित्रपट कुठल्या वयाला चालेल, हे जिथे ठरतं त्या कचेरीतली ही लहानशी खोली. बारा खुर्च्या, प्रत्येक खुर्चीच्या हाताला एक मिणमिणता दिवा आणि एक बटण. समोर छापील फॉर्म आणि त्यावर रकाने: शिव्या, मारामारी, दारू-सिगारेट, नको ती जवळीक, आणि सगळ्यात खाली 'इतर'. तेरा वर्षांपुढच्या मुलांना चालेल असा दाखला द्यायचा तर समितीतल्या या तिघांचीही सही लागे. एक जण जरी अडला तरी चित्रपट अठरात जाई. बाई एरवी शाळेत विज्ञान शिकवत आणि शनिवारी इथे येत. सहा वर्षांत त्यांनी दोन वेळा घंटा दाबली असेल नसेल. आज एका सकाळीच बारा झाल्या होत्या.

चित्रपटात नवऱ्याची शेजारणीबरोबर भानगड चाललेली आणि त्याचा बालमित्र थापा मारमारून त्याला सांभाळून घेत होता. 'माझ्या सासूचा पाय मोडला म्हणून हा माझ्याबरोबर दवाखान्यात होता', या मित्राच्या थापेपासून सुरुवात. मग ती थाप निभावायला त्या धडधाकट म्हातारीला खरोखरच प्लास्टरमध्ये घालावं लागतं. डॉक्टर खो खो हसत होते. जजसाहेबांचेही खांदे हलत होते. बाईंच्या मात्र तळपायाची आग मस्तकात जात होती.

आठ महिन्यांपूर्वी बाईंचा नवरा घर सोडून गेला होता, आणि गेला होता तो बाईंच्याच मैत्रिणीकडे. वीस वर्षांची मैत्रीण. बाईंच्या बाळंतपणात उशाशी बसलेली, मुलगी जिला मावशी म्हणायची ती. शाळेत, गल्लीत, इथे, सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून सगळे बाईंशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलत, आणि त्याचाच बाईंना जास्त संताप येई. अरे, मी काय मरायला टेकलेय?

दिवे लागले तेव्हा बाईंच्या फॉर्मवर सतरा हरकती होत्या.

"तेरा," डॉक्टर म्हणाले.

"तेरा," जजसाहेब म्हणाले.

"अठरा. आणि माझं चाललं असतं तर कुणालाच नाही."

"बाई, अहो, नको ते असं त्यात आहे काय? एक चुंबन, तेही दाराआड."

"मित्राने थापा मारल्या की ती दोस्ती, आणि बायकोने जाब विचारला की ती कजाग! हे शिकवायचं पोरांना? मी सही करणार नाही. काय करायचं ते करा."

जजसाहेबांनी चष्मा पुसला. असं कुणी अडून बसलं की त्यांची एक पद्धत होती, कुठल्याही नियमात नसलेली. त्याच वयाचं एक पोर बोलवायचं, त्याला चित्रपट दाखवायचा आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचा. त्याच्या उत्तराला बांधील कुणी नसे, पण ते ऐकल्यावर सहसा कुणी अडून राहत नसे. एरवी कारकुनाची भाची यायची, ती नेमकी गावाला गेली होती.

"तुमची मुलगी चौदाची ना?" जजसाहेबांनी विचारलं.

"राहू दे हो, जजसाहेब," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "तिला कशाला उगाच..." आणि त्यांनी जीभ चावली.

त्या 'उगाच'नेच बाईंचं ठरलं.

"का नको? बोलावते की. तीच सांगेल तुम्हाला."

आठ महिन्यांत मुलीने बापाचा फोन दोनदा घेतला असेल. जेवताना खाली बघून जेवायची, नाहीतर खोलीचं दार लावून बसायची. हा चित्रपट बघून तिला काय वाटेल हे बाईंना वेगळं विचारायची गरजच नव्हती. साक्षीदार हवा होता आणि घरचाच मिळत होता. त्यांनी फोन केला. चहा संपेपर्यंत मुलगी सायकलवरून आलीसुद्धा.

दुसऱ्यांदा चित्रपट सुरू झाला तेव्हा बाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या मुलीकडे बघत होत्या. आणि म्हातारीच्या पायाला प्लास्टर चढलं तशी मुलगी हसली. साधीसुधी नाही, पोट धरधरून. टोमॅटो सॉसला तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी दात-ओठ खाल्ले. घरात आठ महिने तोंडाला कुलूप आणि इथे परक्या माणसांसमोर खिदळतेय! चल घरी, बघते तुझ्याकडे, असं त्या मनातल्या मनात दहादा म्हणाल्या. मग मध्येच कधीतरी मुलीचं हसणं बंद झालं. ती बाहीचा एक सुटलेला दोरा ओढत बसली, ती शेवटपर्यंत. आत्ता कळलं हिला, बाईंना वाटलं. जरा बरं वाटलं.

जजसाहेबांनी खुर्ची वळवून घेतली. "बाळ, एकच सांग. यातलं काय तू तुझ्या धाकट्या भावंडाला दाखवणार नाहीस?"

"मला धाकटं कुणी नाही."

"असतं तर?"

मुलीने विचार केला. "बाकी सगळं चालेल. मस्त आहे. फक्त ती मुलगी नको."

"कुठली मुलगी?" डॉक्टर कागद चाळायला लागले.

"त्या माणसाची. आई तिला विचारते बाबा कुठे होते, आणि ती सांगते, मला क्लासवरून आणायला आले होते. मग ती डोळा मारते आणि तिला नवा फोन मिळतो."

तिघांनी आपापला फॉर्म बघितला. कुणाच्याच फॉर्मवर ते नव्हतं. बाईंच्या सतरा हरकतींतही नव्हतं.

"ते तर अर्ध्या मिनिटाचं आहे गं," डॉक्टर म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"तिला पटकन जमतं. तसं नसतं ते." मुलगी दोऱ्याकडे बघत बोलत होती. "आधी जिन्यात उभं राहून म्हणून बघावं लागतं. मग आई वाढते, आणि भूक नसली तरी सगळं संपवावं लागतं, नाहीतर तिला कळेल. धाकट्या कुणाला वाटेल, सोपं आहे."

ऑपरेटरने वरच्या झरोक्यातून डोकावून पाहिलं आणि मान आत घेतली. बाई उठल्या, मुलीचं मनगट धरलं आणि तिला ओढतच व्हरांड्यात घेऊन आल्या.

"कधीपासून?"

"हात दुखतोय, आई."

"कधीपासून ते सांग!"

"मागच्या वर्षी. सहामाहीच्या आधी."

"त्याने शिकवलं तुला? पोटच्या पोरीला खोटं बोलायला लावलं? थांब, आत्ताच्या आत्ता फोन लावते. आणि ती, मावशी म्हणवून घेणारी, तिला तर मी..." बाईंनी फोन काढून नंबर शोधायला सुरुवात केली.

"बाबांनी एकदाच सांगितलं."

"एकदाच? मग नंतर कोण सांगायचं?"

मुलीने मनगट सोडवून घेतलं.

"अगं, मला सांगायला काय झालं होतं तुला? मी आई ना तुझी? रोज विचारत होते मी!"

"तू विचारायची नाहीस!" मुलीचा आवाज एकदम चढला. पलीकडच्या टेबलावरच्या कारकुनाने वर पाहिलं. "तू म्हणायचीस, बाबा तुला घ्यायला आले होते ना? म्हणून उशीर झाला ना? असं म्हणायचीस आणि वाढायचा डाव हातात धरून माझ्याकडे बघत उभी राहायचीस. पहिल्यांदा मी जिन्यात पाठ केलं होतं. नंतर काही लागायचंच नाही. मी नुसतं हो म्हणायचे. बाकीचं सगळं तूच बोलायचीस."

बाईंनी फोन खाली घेतला.

हे खोटं आहे असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण खोटं नव्हतं. ते तसंच होतं. संध्याकाळी घड्याळ पुढे सरकायला लागलं की बाई खिडकीशी येरझाऱ्या घालायच्या, आणि मुलीने हो म्हटलं की थांबायच्या. त्या एका 'हो'वर त्या दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन वर्गावर उभ्या राहायच्या. नवऱ्याचा राग होता, मैत्रिणीचा होता, ह्या भिकार चित्रपटाचा होता. तो सगळा आता फिरून त्यांच्याकडेच आला, आणि त्यांना तो कुठे ठेवावा ते कळेना.

जजसाहेब दारात आले. "बाई, घाई नाही. पण मी काय लिहू?"

बाईंनी त्यांच्या हातातून आपला फॉर्म घेतला, भिंतीला टेकवला आणि सतरा हरकतींवर वरपासून खालपर्यंत एकच काट मारली. मग 'इतर'मध्ये दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली.

"त्या मुलीचं तेवढं काढायला लावा. मग तेरा."

जजसाहेबांनी वाचलं. "आपल्या नियमांत असं कारण बसत नाही हो."

"नसू दे बसत. मी सही केलीय."

ते फॉर्म घेऊन आत गेले. मुलगी दुखरं मनगट चोळत होती. त्यावर बाईंच्या बोटांचे लाल वळ उठले होते.

"बाबांना बोलणार आहेस यावरून?" तिने विचारलं.

'बोलायलाच हवं ना?' असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"तुला काय वाटतं?" त्या म्हणाल्या.

मुलीने पटकन वर बघितलं, उत्तर कुठे लिहून ठेवलंय का ते आईच्या चेहऱ्यावर शोधलं. बाईंनी नजर खाली केली.

"मला तुझा राग येतो," मुलगी म्हणाली. "बाबांचा येतो त्याच्याहून जास्त."

बाई भिंतीशी असलेल्या बाकावर बसल्या आणि त्यांनी बाजूला सरकून जागा केली.

"सांग," त्या म्हणाल्या.