नेल हॉकिनची पत्रं

हेस्टरला आईचं पत्र दर मंगळवारी यायचं, आणि ते टाइप केलेलं असायचं. "प्रिय हेस्टर, तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. पुस्तकाचं काम जोरात आहे. हॉकी खेळताना पाय सांभाळ." खाली सही, तीही घाईघाईतली.

आई म्हणजे मार्जरी थॉर्नकॉम्ब. त्यांची 'कालव्याची टोळी' वाचली नाही असं पोर त्या काळच्या इंग्लंडमध्ये दिवा घेऊन शोधलं तरी सापडलं नसतं. नावेवर राहणारी तीन चुलत भावंडं, त्यांची एक आगाऊ शेळी आणि दर पुस्तकात पकडला जाणारा एखादा चोर. एकवीस पुस्तकं झाली तरी मुलांचं पोट भरेना. सकाळी बाई मांडीवर टाइपरायटर घेऊन बसल्या की जेवणापर्यंत दोन प्रकरणं हातावेगळी करत. जेवणानंतर वाचकांची पत्रं. रोजची चाळीस-पन्नास तरी येत, आणि प्रत्येकाला उत्तर त्याच दिवशी, स्वतःच्या हाताने, निळ्या शाईत. हा त्यांचा नेमच होता. ताप असला तरी तो मोडत नसे. घरच्या माणसांना मात्र शनिवारी, सेक्रेटरी मिस क्रॅबमार्फत. मिस क्रॅब हेस्टरचं पत्र वाचून दाखवायच्या आणि बाई फुलदाणीतली फुलं नीट करता करता उत्तर सांगायच्या.

हे सगळं पाहतच हेस्टर अकरा वर्षांची झाली होती. डॉर्सेटच्या वसतिशाळेतल्या दुसऱ्या सत्रात तिला आईची आठवण अगदीच सोसेना, तेव्हा तिने समोर दिसत होता तोच मार्ग धरला. ती आईची वाचक झाली.

शाळेतून ते जमण्यासारखं नव्हतं. रविवारी चर्चहून आलं की सगळ्या मुलींनी सभागृहात बसून घरी पत्र लिहायचं, आणि ते वर्गाच्या बाईंनी वाचल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही. आईवडिलांच्या जिवाला घोर लागेल असं काही लिहायला बंदी. 'मला तुझी आठवण येते' हे त्यातच धरलं जाई. पण शाळेच्या फाटक्या चादरी शिवणाऱ्या मिसेस डिबन गल्लीच्या टोकाला राहायच्या. दर बुधवारी एका मुलीने त्यांच्याकडे टोपली पोचवायची असे. हेस्टर आपली पाळी करायचीच, वर दुसऱ्यांच्याही पाळ्या मागून घ्यायची.

"पत्र माझ्या पत्त्यावर येऊ दे हवं तर," मिसेस डिबन म्हणाल्या, "पण मला खोटं बोलायला लावू नकोस, पोरी. मला ते जमत नाही आणि मी लगेच लाल होते."

म्हणून ती नेल हॉकिन झाली. आईने अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हाताने लिहू लागली. खरं तर इतकी काळजी घ्यायचं काही कारण नव्हतं, कारण तिचं उजव्या हाताचं अक्षर आईने कधी नीट पाहिलंच नव्हतं.

नेलने सगळं लिहिलं. ट्रंका ठेवायच्या खोलीत जाऊन रडते, ते लिहिलं. झोपताना उशीचा कोपरा धरून ठेवते, तेही लिहिलं. आणि पुढच्याच बुधवारी निळ्या शाईतलं उत्तर! चार पानं! बागेतला काटेरी हेजहॉग, कुत्र्याने पळवलेला चेंडू, काल आईला स्वतःलाच कसं उदास वाटलं ते. हेस्टर ते मिसेस डिबनच्या चुलीपाशी बसून वाचायची आणि तिथेच ठेवून यायची. एका पत्रात आईने लिहिलं होतं, "माझीही एक मुलगी आहे, तुझ्याच वयाची. पण ती फार समंजस आहे. तिला माझी आठवण वगैरे येत नाही." त्या दिवशी हेस्टर रिकामी टोपली तिथेच विसरून आली.

जूनमध्ये पालकांच्या भेटीचा शनिवार जवळ आला. त्या दिवशी सगळ्यांचे आईवडील येतात आणि मुलींना हॉटेलात चहाला घेऊन जातात. मंगळवारी टाइप केलेलं पत्र आलं. पुस्तक महिनाअखेर प्रकाशकाला द्यायचं आहे, यायला जमणार नाही, मिस क्रॅब केक पाठवतील. बुधवारी निळ्या शाईतलं आलं. "नेल, मी येत्या शनिवारी तीन वाजता तुझ्या घरी येते आहे. इतकं रडणाऱ्या मुलीला नुसती पत्रं पाठवून कसं चालेल?"

आई येणार म्हणून हेस्टरला आनंद झाला. कुणासाठी येणार ते आठवून तिला इतका राग आला की तिने चिमटा उचलून चुलीतले कोळसे उगाचच ढोसले.

शनिवारी मुली आईवडिलांबरोबर बाहेर पडल्या, त्या गर्दीत हेस्टरही सटकली. मिसेस डिबन म्हणाल्या, "आता तूच निस्तर बाई. मी कोंबड्यांकडे जाते." आणि खरंच गेल्या.

तीनला पाच कमी असताना गाडी दारात थांबली. आईने हिरवी हॅट घातली होती आणि हातात चॉकलेटचा डबा होता. चॉकलेटही रेशनवर मिळायच्या त्या दिवसांत तो पुरा भरायला तिने दोन महिने स्वतः गोड खाल्लं नसणार.

"हेस्टर? तू इथे काय करतेयस? आणि नेल कुठाय?"

"येईलच इतक्यात. बस ना."

आई बसली. "तुझ्या ओळखीची आहे का गं ती? अजून रडते?"

"पत्र आलं की नाही रडत."

"काय लिहिते ती पोर! नाही तर तुझी पत्रं. हवा बरी आहे, हॉकीत हरलो. मिस क्रॅबला जांभया येतात वाचताना."

"आमची पत्रं शाळेतल्या बाई वाचतात, आई."

"हो का?" आईने घड्याळाकडे पाहिलं. "उशीर करते बाई ही नेल."

"ती नाही यायची," हेस्टर म्हणाली. "नेल मीच आहे."

आईच्या चेहऱ्याचा रंग उडाला. हात तोंडावर गेला. आता ही रडेल, आता जवळ घेईल, असं हेस्टरला वाटलं. आणि मग आईच्या डोळ्यांत ती चमक आली. घरात सगळ्यांना ती ठाऊक होती. ती दिसली की जेवणाच्या टेबलावर कुणी मीठसुद्धा मागत नसे. आईने पर्स उघडून वही काढली.

"थांब थांब. पहिल्यापासून सांग. अक्षराचं काय केलंस?"

"डाव्या हाताने लिहायची."

"डाव्या हाताने! झकास! आणि कुणालाच संशय आला नाही? टोपली केवढी असते? गल्लीत कुत्रा आहे का?"

आईने खुर्ची पुढे ओढली. दोघींचे गुडघे एकमेकींना टेकले. हेस्टर सांगत गेली, आई लिहीत गेली. खरं होतं ते अर्ध्या तासात संपलं, तेव्हा हेस्टर थापा मारू लागली. मुख्याध्यापिका एकदा टोपली तपासायला आल्या होत्या. एक पत्र डुकराने खाल्लं. आई खो खो हसली, "लबाडे!" म्हणाली आणि तिने हेस्टरचा गाल ओढला. असं तिने शेवटचं कधी केलं होतं ते हेस्टरला आठवेना. हे सगळं वहीसाठी चाललंय हे तिला कळत होतं. तरी ती थांबली नाही. तिला आई हवी होती.

पाच वाजता ड्रायव्हरने हॉर्न दिला. आईने वही मिटली आणि हातमोजे चढवायला घेतले.

"आई, सगळं विचारलंस," हेस्टर म्हणाली. "मी हे का केलं, ते नाही विचारलंस."

आईचा हात मोज्यात अर्धाच राहिला.

"नको," ती म्हणाली. "ते विचारलं तर मला इथून उठता यायचं नाही."

तिने हेस्टरच्या कपाळाचा मुका घेतला आणि ती गेली. नेलची पत्रं त्या दिवशी संपली. आता कुणाच्या नावाने लिहिणार? मंगळवारची मात्र येत राहिली, टाइप केलेली.

नाताळात बाविसावं पुस्तक निघालं. दुकानांपुढे रांगा लागल्या. हेस्टरने ते सुट्टीत घरी, जिन्यात बसून वाचलं. त्यात सगळं होतं. टोपली, गल्ली, लाल होणारी शिवणकाम करणारी बाई, डुकराने खाल्लेलं पत्र. अनोळखी बाईला डाव्या हाताने पत्रं लिहिणारी एक मुलगी होती. टोळीतला थोरला मुलगा तिला विचारतो, "पण तू लिहितेस कशाला?"

"मला आई नाही ना," ती मुलगी म्हणते, "म्हणून."

हेस्टरने ते वाक्य पुन्हा वाचलं. आईने विचारलं नव्हतं, पण तिला ठाऊक होतं. बंद दाराआड टाइपरायटर चालूच होता, आणि जेवणाला अजून दोन तास होते.