रिकामी दांडी

"झालाय कोट. घेऊन जा," मास्तर म्हणाले, आणि निवृत्त पोस्टमन दुकानाच्या पायरीवरच थबकले. बिचारे भांडायची जय्यत तयारी करून आले होते. गेल्या तीस वर्षांत या शिंप्याने सांगितलेल्या दिवशी कपडा हातात ठेवला, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस सापडला नसता. 'परवा या' हे मास्तरांचं ठरलेलं उत्तर. तो परवा कधी उजाडेल, हे खुद्द मास्तरांनाही ठाऊक नसे.

"आज सूर्य कुठल्या बाजूला उगवला?" पोस्टमन कोट उलटसुलट करून बघत म्हणाले. "बटणंसुद्धा लावलीत. मास्तर, तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम," मास्तर म्हणाले आणि हसले.

कोपऱ्यात धाग्यांचे तुकडे गोळा करत बसलेल्या ताईंना ते हसू दिसलं, आणि ते त्यांना खटकलं. बावीस वर्षं त्या या दुकानात काज-बटण करत होत्या. वयाने मास्तर मोठे, तरी तेही त्यांना ताईच म्हणत.

पोस्टमन खुशीत निघून गेले. ताईंनी वर पाहिलं. तयार-अर्धवट कपडे टांगायची ती लोखंडी दांडी ओझ्याने मधोमध कायमची वाकली होती. आज तिच्यावर नुसते हँगर होते.

पंधरा दिवस हेच चाललं होतं. नवं काम घेऊन येणाऱ्याला मास्तर म्हणत, "दुसरीकडे बघा." जुनं काम मात्र झपाटल्यासारखं हातावेगळं करत. गिऱ्हाइकं खूश. मास्तरांची बायको तर परवा कौतुकाने सांगत होती, "लागलं बाई एकदाचं वळण. दोन महिने नुसते भिंतीकडे बघत बसायचे, आता बघा." ताईंनी मान डोलवली होती. डबा रोज जसाच्या तसा घरी जातो, हे तिला सांगायला त्यांची जीभ रेटली नव्हती.

त्यांना हे सगळं ओळखीचं होतं, आणि तेच भयंकर होतं. त्यांचा धाकटा भाऊ रेडिओ दुरुस्त करायचा. तोही महिनोन् महिने कोमेजून बसला होता. मग एका आठवड्यात त्याने लोकांचे सगळे रेडिओ दुरुस्त करून घरोघर पोचवले, कपाट आवरलं, आईशी हसून बोलला. सगळ्यांना वाटलं, पोरगं सुधारलं. चौथ्या दिवशी त्याने जीव दिला. ताईंच्या मनात तेव्हा शंकेची पाल चुकचुकली होती. पण विचारलं तर नसतं खूळ त्याच्या डोक्यात शिरेल, या भीतीने त्या गप्प बसल्या. नंतर दवाखान्यातल्या एका नर्सने त्यांना जवळ बसवून सांगितलं होतं, "विचारल्यानं डोक्यात भरत नाही हो. असलं तर बाहेर येतं." ते त्यांना फार उशिरा कळलं होतं.

मास्तरांनी मशीनला तेल दिलं, वरचं तेल फडक्याने पुसलं आणि कापड पांघरलं. मग किल्ल्यांचा जुडगा ताईंपुढे ठेवला.

"सोमवारी येऊ नका, ताई. दुकान बंदच आहे. किल्ल्या तुमच्याकडेच राहू द्या."

"कुठं गावाला निघालात?"

"तसंच समजा."

ताईंनी किल्ल्या घेतल्या, पिशवी उचलली आणि त्या बाहेर पडल्या. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेल्या. दुपारचे चार वाजले होते, रस्त्यावर माणसं नेहमीसारखी चालली होती. आपण वेड्यासारखं काहीतरी विचारलं आणि मास्तर दुखावले तर? ज्या माणसाने बावीस वर्षांत चढा शब्द काढला नाही, त्याला असं विचारायचं? मग हातातल्या किल्ल्यांकडे लक्ष गेलं, तशा त्या मागे वळल्या आणि दुकान येईपर्यंत जवळजवळ पळत गेल्या.

मास्तर मशीनसमोर तसेच बसले होते.

"मास्तर," ताई दारातूनच म्हणाल्या. "आडवळणानं विचारायला मला जमत नाही. जीव द्यायचं मनात आहे का तुमच्या?"

मास्तरांनी हातातला खडूचा तुकडा खाली ठेवला. ते चिडले असते तर ताईंना बरं वाटलं असतं.

"हो," ते म्हणाले.

ताई समोरच्या स्टुलावर बसल्या. मग मास्तरच बोलू लागले.

"पहाटे तीनला डोळे उघडतात. मग छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं. वाईटसुद्धा वाटत नाही हो, काहीच वाटत नाही. वाटलं, लोकांचं काम अडकवून जायला नको. एवढं उरकावं."

"घरात काही आणून ठेवलंय?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"ते आता तुमच्या हाती राहायचं नाही. मी वहिनींना फोन करते."

"तिला नको. ताई, शपथ आहे तुम्हाला."

"असली शपथ मी मानणार नाही," ताई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि नंबर लावत होत्या. "रागवा, कामावरून काढा. एकदा गप्प बसले होते मी."

बायको धावत आली. नवऱ्याचा हात तिने जो धरला, तो दवाखान्यात पोचेपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या बाजूला ताई होत्या. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हा आजार आहे, याला औषध आहे, वेळ लागेल, तोवर यांना एकटं ठेवू नका. घरात ठेवलेली ती वस्तू त्याच संध्याकाळी मास्तरांच्या मेहुण्याने बाहेर नेली.

वेळ खरंच लागला. दोन महिन्यांनी मास्तर दुकानात येऊ लागले, तेही अर्धा दिवस. कधी खडू हातात धरून तसेच बसत. ताईंची भीती काही गेली नव्हती. रोज सकाळी वळणावर आल्या की त्यांची नजर आधी शटरकडे जाई आणि ते वर दिसेपर्यंत त्या भरभर चालत. मग आत जाऊन त्या सरळ विचारत, "रात्र कशी गेली? ते विचार आले होते?" मास्तरही आता सरळ सांगत. आले असतील तर आले म्हणत, आणि मग बायकोला फोन जाई.

एका संध्याकाळी पोस्टमन आपली पँट न्यायला आले आणि तणतणले. "मंगळवार सांगितलात, आज शुक्रवार! पुन्हा तेच सुरू झालं का तुमचं?"

मास्तरांनी दांडीकडे पाहिलं. पँट होती, शिवून झाली होती, इस्त्रीही झाली होती. फक्त कमरेचं बटण नव्हतं. महिनाभर ते बघत होते, दुकान बंद करताना कुठल्या ना कुठल्या कपड्याचं एखादं बटण राहिलेलंच असे. सुई-दोऱ्यात ताईंचा हात धरणारं कुणी नव्हतं, तरी राहिलेलं असे.

ताई खाली मान घालून पिशवी आवरत होत्या.

"थोडं राहिलंय," मास्तर पोस्टमनना म्हणाले. "परवा या."