वायरीविना हर्रास

डब्यातून बाबांच्या आवाजाऐवजी कापसाचे भाव आले.

गोपिका स्वयंपाकघराच्या दारात डब्यापुढे उकिडवी बसली होती. अंगणाच्या पार टोकाला, विहिरीपाशी, बाबाराव साबणदाणीएवढी डबी तोंडाशी धरून बोलत होते आणि इकडे आकाशवाणीचा निवेदक अकोल्याच्या कापसाचा दर सांगत होता. बाबारावांनी हातानेच विचारले, आला का? तिने नकारार्थी मान हलवली.

"भावच ऐकाचे होते तर रेडिओ काय वाईट होता वं?" आई चुलीजवळून म्हणाली. गोपिकाला हसू आले, पण तिने लगेच डब्याचे मागचे झाकण उघडले.

बाबाराव संत्रा मार्केटात हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारत. उघड्या मैदानात संत्र्यांचे ढीग लागलेले, भोवती खरेदीदारांची गर्दी, आणि या ढिगावरून त्या ढिगाकडे जात बोली चढवणारे बाबाराव. लग्नाच्या आधीपासून त्यांचे हेच काम. हुडकेश्वरात त्यांना सगळे 'पुकारेवाले' म्हणूनच ओळखत. त्या वर्षी जानेवारीत त्यांचा घसा बसला, तो उठलाच नाही. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गाठ सांगितली. ऑपरेशन करावे लागेल, त्यानंतर आवाज राहणार नाही, आणि तोवर ओरडायचे अजिबात नाही.

अडत्या गणपतरावांनी त्यांना पेट्यांवर लक्ष ठेवायला बसवले आणि पुकार आपल्या पुतण्याकडे दिली. बाबारावांनी मांडववाल्याकडून भाड्याचा माईक आणून पाहिला होता. दुसऱ्याच ढिगापाशी त्याची वायर हातगाडीच्या चाकात अडकून तुटली. ती हकीकत त्यांनी घरी हसत हसत सांगितली आणि सांगता सांगता उठून बाहेर जाऊन बसले.

गोपिका पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होती. वर्गात ती एकटीच मुलगी. प्रोजेक्टसाठी सरांनी यादी दिली होती आणि तिच्या नावापुढे पॉवर सप्लाय लिहिला होता. त्या रात्री जेवताना तिने सांगून टाकले की ती पॉवर सप्लाय करणार नाही. वायर नसलेला, खांद्याला अडकवून नेता येणारा स्पीकर करणार आहे.

बाबारावांनी हातातला घास ताटात ठेवला. मग कुजबुजले, "ऑपरेशन होईन तवा होईन. तोवर माही बोली मीच बोलीन. कर तू."

पहिला डबा तिने संत्र्याच्या पेटीच्या फळ्यांचा केला. आवाज वाढवला की फळ्याच थरथरायच्या. मग भंगारातून एका मोडक्या रेडिओचा जाड लाकडी सांगाडा मिळाला. त्याच्या आत तिने जुन्या गादीचा कापूस ठासला, स्पीकरही भंगारातलाच बसवला आणि तो टॉर्चच्या सेलवर चालवला. माईकसाठी टाकून दिलेल्या टेलिफोनच्या रिसिव्हरमधली चकती काढली. आवाज हवेतून डब्याकडे धाडणारा छोटा ट्रान्समीटर साबणदाणीत मावला. एकदा माईक डब्याच्या फार जवळ आला आणि अशी शिट्टी वाजली की शेजारची गाय खुंटा उपटून पळाली. साबणदाणीतून निघणारी एरियलची तार कशात ना कशात अडकायची, म्हणून आईने ती बाबारावांच्या सदऱ्याच्या बाहीत आतून शिवून दिली.

कापसाच्या भावांनी मात्र सगळ्यात जास्त छळले. आकाशवाणीपासून दूर सरकायला कॉइलचे वेढे सोडायचे, पुन्हा ऐकायचे, पुन्हा सोडायचे. एका संध्याकाळी निवेदकाचा आवाज पातळ होत होत नाहीसा झाला, थोडा वेळ नुसती खरखर आली, आणि मग डबा हळूच म्हणाला, "गोपे, ऐकून राहिली का?"

बाबाराव विहिरीच्याही पलीकडे, शेजाऱ्याच्या कुंपणाशी उभे होते. आईची भाकर तव्यावरच करपली. गेल्या कित्येक आठवड्यांत त्यांचा आवाज तिने इतका स्पष्ट ऐकला नव्हता.

कॉलेजात देशकर सरांनी डबा उलटसुलट करून पाहिला. काम चांगले आहे म्हणाले, पण बिनपरवान्याचा ट्रान्समीटर कॉलेजात चालणार नाही. ट्रान्समीटर काढ, माईकला वायर लाव, चांगले मार्क देतो, असे त्यांनी समजावले. त्यांचेही नियमापुढे काही चालत नव्हते.

"सर, वायरीचा भोंगा मांडववाल्याकडं भाड्यानं मिळते," ती म्हणाली. "मग मी काय बनवलं?"

उन्हाळ्याच्या तोंडी मृग बहाराच्या संत्र्यांचा माल जोरात होता. एका सकाळी बापलेक डबा सायकलला बांधून मार्केटात गेले. पुरुषांच्या त्या गर्दीत पोरगी आली म्हणून लोक वळून पाहू लागले. गोपिकाने कोणाकडे न पाहता डबा रिकाम्या पेट्यांच्या थप्पीवर ठेवला. गणपतरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. हर्रास घशाने होते, खोक्याने नाही, तमाशा नको, असे ते म्हणाले.

बाबारावांनी साबणदाणी तोंडाजवळ नेली. उत्तर डब्यातून आले, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे.

"घसा माहा गेला, गणपतराव. बोली नाही गेली."

गणपतरावांना चारचौघांत नाही म्हणता येईना. एक ढीग करा, मग पाहू, म्हणाले. बाबाराव ढिगापाशी गेले आणि नेहमीच्या लयीत बोली सुरू केली, फक्त अगदी खालच्या आवाजात, शेजारच्या माणसाशी बोलावे तशी. गंमत अशी झाली की ऐकण्यासाठी माणसे गप्प झाली. एरवी फाटकाशी उभे राहून मागून चौकशी करणारे जबलपूरचे व्यापारी तिथूनच बोट वर करू लागले. पहिला ढीग पुतण्याच्या कालच्या भावापेक्षा चढा गेला. दुसऱ्या ढिगाला गणपतरावांनी पुतण्याला हाक मारली नाही.

त्या दिवसापासून सकाळी मार्केट आणि मग कॉलेज असे गोपिकाचे चालले. मार्केटात चाललेली गोष्ट कॉलेजात पोचायला वेळ लागला नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी डबा ऐकून पाहिला, दोन-तीन प्रश्न विचारले, तिची उत्तरे बरोबर आली. मग त्यांनी पेचकस टेबलावर तिच्यापुढे सरकवला. ट्रान्समीटर इथेच सोडव आणि जमा कर, तर प्रोजेक्ट धरतो, म्हणाले.

बाबाराव दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात भरती होणार होते.

"उद्या सकाळी बाबाची शेवटची हर्रास आहे, सर. ती झाली की मी स्वतः आणून देते."

परीक्षक म्हणाले, आजची परीक्षा आजच होते. देशकर सर खिडकीबाहेर पाहत होते. गोपिकाने पेचकसाला हात लावला नाही. डब्याचा पट्टा खांद्यावर घेतला, साबणदाणी ओढणीच्या टोकात बांधली.

"मग मला गैरहजर लिहा."

पुढच्या वर्षी तिने यादीतला पॉवर सप्लाय करून दिला आणि ती पास झाली. पण वर्ष गेले ते गेलेच, आणि त्या वर्षाबरोबर बुटीबोरीच्या कारखान्यातली एक नोकरीही गेली. तिने त्याबद्दल घरी कधी चकार शब्द काढला नाही.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केटात नेहमीपेक्षा जास्त माणसे होती. शेजारच्या अडत्यांनी आपले ढीग मुद्दाम उशिरा लावले. बाबारावांनी एकेक ढीग घाई न करता पुकारला. मधे खोकला आला की थांबत, तोंड बाजूला वळवत आणि पुन्हा तिथूनच बोली उचलत. शेवटचा ढीग लहान होता, बारक्या फळांचा. तोही त्यांनी पहिल्याइतक्याच मानाने पुकारला. "एक बार... दो बार..." आणि तीन म्हणून झाले.

गणपतरावांनी स्वतः पाण्याचा लोटा आणून दिला. बाबाराव पोत्यावर बसले. साबणदाणी चालूच त्यांच्या हातात राहिली होती. पाण्याचा घोट उतरला तो मैदानभर ऐकू आला. मग डब्यातून त्यांचा श्वास येऊ लागला, जड, थोडा घरघरता, एकामागून एक.

डबा बंद करायला गोपिकाचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तिने तो मागे घेतला.

कोणी जागचे हलले नाही. फाटकाकडे निघालेल्या एका हमालाने डोक्यावरची पेटी आवाज न करता खाली ठेवली आणि तो उभा राहिला.