न बोलता खोडणारे काका

पेइ-रोंगने खुर्ची मागे ओढली आणि च्येनकाकांना आपल्या संगणकासमोर बसवलं.

"काका, माझी नोंद तुम्ही कशी वाचता, तेवढं दाखवा."

ताइनानच्या गल्लीकोशाची मंडळी चहाच्या दुकानाच्या माडीवर जमली होती. शहरातल्या जुन्या गल्ल्यांची माहिती सगळ्यांनी मिळून लिहायची आणि सुधारायची, असा हा संगणकावरचा कोश. दुसऱ्याचं लिहिणं उलटवायचं, म्हणजे पुसून पान पूर्ववत करायचं असेल तर आधी चर्चापानावर कारण द्यायचं, हा त्यातला शिष्टाचार. काकांनी मात्र पेइ-रोंगची धूपवाल्यांच्या गल्लीवरची नोंद पुन्हा पुन्हा उलटवली होती. ती परत लिहायची, ते परत उडवायचे, आणि कारण म्हणून एक अक्षर नाही. त्यांना कोशातून काढायचं का, हे आज ठरणार होतं.

"कसली चौकशी करत बसलीस?" कोशातला तिचा सोबती यू-शेंग तिच्या कानाशी कुजबुजला. "मत घेऊ आणि मोकळं होऊ."

राग पेइ-रोंगलाही होता, पण त्याहून नवल जास्त वाटत होतं. बाकीच्यांच्या चुका हाच माणूस किती जपून, गोड बोलून दुरुस्त करायचा. मग तिच्याशीच वैर कसलं?

काकांनी नोंद सावकाश शेवटापर्यंत वाचली. खाली बारीक अक्षरांत दाबायचे दोन शब्द होते, आभार आणि उलटवा, अगदी खेटून. ही मांडणी पेइ-रोंगचीच. 'नक्की उलटवायचं ना?' हा प्रश्नही तिनेच काढून टाकला होता, लोकांचं एक क्लिक वाचावं म्हणून. तेव्हा सगळ्यांनी तिची पाठ थोपटली होती.

माउसवरचा काकांचा हात कापत होता. बाण आभारवर आला, थरथरला, आणि बोट दाबताना शेजारी घसरला. नोंद गेली. पान उडी मारून वर आलं. काकांचं तिकडे लक्ष नव्हतं, ते मनगट चोळत होते.

"झालं. दर वेळी एवढंच करतो बघ. माझ्या आईच्या गल्लीवर दुसऱ्या कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत, पोरी. आभार तरी मानायला नकोत? तुझं उत्तर येत नाही, पण तुम्हाला कामं असतात, मी समजून घेतो."

यू-शेंगने तोंड उघडलं. पेइ-रोंगने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला.

"आता तरी पोचले का गं?" काकांनी विचारलं.

"पोचले, काका," ती म्हणाली. "सगळेच्या सगळे पोचले."