एक्केचाळीस नंबरचा डावा पाय

एक्केचाळीस नंबरच्या जर्सीवरचे दोन आकडे एकाच पांढऱ्या रंगाचे नव्हते. चारचा आकडा सायीसारखा पिवळट पडला होता. एक मात्र नवा, चुन्यासारखा पांढरा होता आणि उजवीकडे साधारण पाच अंश कललेला. ग्लेनिसने दुर्बीण खाली घेतली. तो एक तिनेच गेल्या आठवड्यात उशीच्या जुन्या अभ्र्यातून कापून शिवला होता, आणि शिवताना तिला तो सरळ वाटला होता.

"किती झाले?" शेजारच्या सीटवरून रेक्सने विचारलं.

"त्यांचे एकोणतीस. आपला एक."

"तो एक तरी कुठून आला?"

"त्यांच्याच माणसाच्या गुडघ्याला लागून चेंडू एका गुणाच्या, कडेच्या खांबांमधून गेला."

रेक्सने खिडकीबाहेर थुंकल्यासारखा आवाज काढला. थुंकला नाही, कारण गाडी बहिणीची, ग्लेनिसची होती.

मार्चचा पहिला शनिवार होता, ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मोसमाआधीचा चार डावांचा सराव सामना. कापणी होऊन तीन महिने झालेल्या रानांवरून धूळ येत होती आणि मैदान इतकं कडक झालं होतं, की चेंडू टप्पा घेतल्यावर कुठे जाईल हे त्यालाही माहीत नसावं. त्यांच्या गावच्या, डूराबिनच्या, बाजूला कुंपणाला नाक लावून अकरा गाड्या उभ्या होत्या. पलीकडे लॅसबरीच्या चौतीस. ग्लेनिसने त्या दोनदा मोजल्या होत्या. गोल झाला की त्या चौतिसांचे हॉर्न एकदम वाजत, आणि मिरीच्या झाडावरचे पोपट उडून पुन्हा तिथेच बसत.

"पुनर्बांधणी म्हणे!" शेजारच्या गाडीपुढे घडीच्या खुर्चीत बसलेला नोएल म्हणाला. "चार वर्षं पाया खणतायत. अजून मुरूम लागलेला नाही कुणाला."

"गप रे. सराव सामना आहे. सराव सामन्यात कोण जीव तोडून खेळतं?"

"जीव राहू दे, रेक्स. तो मागचा बघ. खांबाला टेकून बूट काढून बसलाय. चेंडू डोक्यावरून गेला, आणि हा खडा शोधतोय."

ते खरं होतं. ग्लेनिसने वहीत 'सुटलेले' या रकान्यात आणखी एक रेघ मारली. तो रकाना पान भरून पुढच्या पानावर गेला होता. आघाडीला डॅरिल होता, वय त्रेचाळीस, गावातला एकुलता एक प्लंबर. प्रत्येक धावेनंतर तो गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहत होता. दुसरा डाव सुरू होता होता तो सीमारेषेवर वाकला, ओकला, आणि तोंड पुसून त्याने ठीक आहे अशा अर्थाने हात हलवला.

"सकाळी काय खाल्लं ते कळलं बुवा सगळ्या गावाला," नोएल म्हणाला.

"शी," रेक्स म्हणाला, आणि हातातली अर्धी खिमा-पेस्ट्री कागदात गुंडाळून डॅशबोर्डवर ठेवून दिली. "गेल्या वर्षी सोळा सामने, सोळा हार. मी म्हटलं, ठीक आहे, पोरं शिकतायत. पण हे शिकणं आहे का? अगं, तुझ्या कोठारावर असला माल आला असता तर काय केलं असतंस?"

"जनावरांच्या खाद्यात पाठवला असता."

"बघ."

एकतीस वर्षं ती रेल्वेलगतच्या धान्यकोठारावर गहू तपासत होती. ट्रकमध्ये आठ ठिकाणी सळई खुपसायची, मूठ मूठ दाणे काढायचे, ओलावा आणि प्रथिनं मोजायची, आणि शेतकऱ्याला त्याचा माल कोणत्या प्रतीचा ते सांगायचं. कुणी चढ्या आवाजात बोललं तरी ती फक्त आकडा पुन्हा वाचून दाखवायची. क्लबच्या समितीवर तिला घेतलं ते याच भरवशावर.

समितीत सातजण होते. पुढच्या वर्षीपासून लॅसबरीत विलीन व्हायचं, एकच संघ करायचा, आणि सामने त्यांच्या मैदानावर खेळायचे, या ठरावावर तीन हात वर होत आणि तीन खाली राहत. वरच्या तिघांत नोएल होता, खालच्यांत रेक्स. सातवी ग्लेनिस. ऑक्टोबरात ती म्हणाली होती, नमुना अपुरा आहे. डिसेंबरात तेच म्हणाली. फेब्रुवारीत म्हणाली, सराव सामना होऊ द्या, मग बुधवारच्या बैठकीत सांगते.

जानेवारीत रेक्सने एकदाच तो विषय काढला होता. ती दर रविवारी त्याच्याकडे जेवायला जायची. तो विधुर, ती एकटी. मटण कापता कापता तो म्हणाला होता, "तू त्यांच्या बाजूने हात वर केलास, तर त्यानंतरचा रविवार तू तुझ्या घरीच जेव." रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो रागावला नव्हता. त्याने तिच्या ताटात बटाटे वाढले होते.

"एक मात्र आहे," रेक्स आता म्हणाला. "अठरा उतरलेत, पूर्ण संघ. मोजले मी. गेल्या वर्षी या वेळेला तेरा होते. नोएल, ऐकलंस का? अठरा!"

ग्लेनिसने थर्मासचं झाकण फिरवलं आणि चहा ओतला.

सकाळी लॅसबरीचा प्रशिक्षक कॅन्टीनच्या मागच्या दाराने आला होता. तुमचे चौदाच आलेत असं कळलं, चार देऊ का, असं त्याने हळू आवाजात विचारलं. सराव सामन्यात अशी उसनवारी चालते, कुणी तिचा बोभाटा करत नाही. तिने कपडे बदलायच्या खोलीच्या खिडकीतून चार जर्स्या आत दिल्या आणि यादीत त्या चार नंबरांपुढे बारीक अक्षरात 'लॅ.' लिहिलं. रेक्स तेव्हा खिमा-पेस्ट्रीच्या रांगेत उभा होता. गाडीत बसताच तो म्हणाला होता, अठरा दिसतायत गं. तेव्हाच सांगायला हवं होतं. तिने काच खाली केली होती.

दुसऱ्या डावात दहा मिनिटं झाली असतील. लॅसबरीने मारलेला चेंडू उंच गेला, आणि त्याच्याखाली चारजण गोळा झाले. त्यांच्या खांद्यांवरून एक्केचाळीस नंबर वर आला आणि त्याने दोन्ही हातांनी चेंडू असा धरला, जसा कुणी फळीवरचा डबा उतरवतो. तो मागे गेला, त्याने गवत उपटून वाऱ्यात सोडलं, आणि पन्नास मीटरवरून डाव्या पायाने चेंडू मधल्या दोन खांबांतून मारला.

 हॉर्न कधी वाजवायचा तेच डूराबिनचे लोक विसरले होते. मग रेक्सने ग्लेनिसच्या पुढ्यातून हात घातला आणि स्टिअरिंगच्या मध्यावर तळवा दाबून धरला.

"हा कोण रे?" नोएल खुर्चीतून अर्धा उठला. "हा कुठून उगवला?"

"कुठून काय?" रेक्सने हात काढला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "डोळे फुटले का तुझे? ट्रेगियर आहे तो! पाय बघ. मारायच्या आधी टाच आत वळवतो. असा पाय या जिल्ह्यात एकाच घराण्याचा. जॅक ट्रेगियर असाच मारायचा, पाइन रोडचा. त्याचा बापही."

"ट्रेगियर गेले की केव्हाच. जमीन विकली त्यांनी."

"मग परत आले असतील! गाव सोडलेले परत येत नाहीत का?"

"डूराबिनला?" नोएल म्हणाला. "इथे तर डाकघरही परत येत नाही."

पण त्यानंतर नोएलही खुर्ची पुढे ओढून बघू लागला. एक्केचाळीस नंबरने आणखी दोन गोल केले. तिसऱ्या डावात त्याने एक सरपटणारा चेंडू एका हाताने उचलून डॅरिलला इतका अलगद दिला, की डॅरिलनेही गोल केला आणि आपण काय केलं ते न कळून इकडेतिकडे पाहिलं. प्रत्येक वेळी रेक्सचा हात ग्लेनिसच्या पुढ्यातून स्टिअरिंगवर गेला. चौथ्या वेळी तिने स्वतःच मागे सरून वाट करून दिली. इतर सतराजण होते तसेच होते. रेक्सने त्यांच्याबद्दल बोलणंच सोडलं.

"एक माणूस लागतो," तो म्हणाला. "एका माणसाभोवती संघ उभा राहतो. हे लिही तुझ्या वहीत."

तिने लिहिलं नाही. पेन्सिल दोन बोटांत धरून ती त्याच्या हाताकडे बघत होती. पंचाहत्तर वर्षांचा हात, पाठीवर डाग, आणि तो मांडीवर ताल धरत होता.

तिसरा डाव संपला तसे कुंपणातून लोक मैदानात शिरले. प्रशिक्षक खेळाडूंशी बोलतो तेव्हा कोंडाळ्याबाहेर उभं राहून ऐकायची इथे सगळ्यांनाच मुभा असते. रेक्स दोन वर्षांत आत गेला नव्हता. कारण म्हणून गुडघा सांगायचा.

"चल," तो दार उघडत म्हणाला.

"गुडघा?"

"चल गं."

ती त्याच्या मागून चालली. कोंडाळ्यात डूराबिनचा तरुण प्रशिक्षक सांगत होता, की निकालाकडे बघू नका, प्रक्रियेकडे बघा, यातलं चांगलं ते घरी घेऊन जा. डॅरिल डोक्यावर ओला टॉवेल टाकून आडवा पडला होता. कुणाच्यातरी बुटात खरंच खडा होता, तो आता सगळ्यांना दाखवला जात होता. रेक्सने यातल्या कशाकडेही पाहिलं नाही. तो सरळ एक्केचाळीस नंबरपाशी गेला आणि हात पुढे केला.

"ट्रेगियर ना तू?"

पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण होता, मानेवर उन्हाने सोललेली कातडी, तोंडात पाण्याच्या बाटलीचं टोक. त्याने बाटली काढली आणि हात मिळवला.

"नाही, मी होल्ट. कॅलम होल्ट." मग रेक्सच्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला, "आई ट्रेगियर. पाइन रोडची."

"जॅकची मुलगी?"

"नात. तुम्ही ओळखायचात त्यांना?"

"टाच," रेक्स म्हणाला. "टाच आत वळवायला कुणी शिकवलं तुला?"

"शिकवलं असं नाही. आई अंगणात चेंडू मारायची माझ्याबरोबर. तीच तसं मारते." तो हसला. "इथली शाळा बंद झाली तेव्हा ती लोकं लॅसबरीला गेली. मी लहानपणापासून तिकडूनच खेळतो. आज तुमच्यात माणसं कमी होती, म्हणून आम्ही चौघं आलो."

रेक्सने त्याचा हात लगेच सोडला नाही. तो हात तसाच धरून तो त्याच्या खांद्यावरून पलीकडे, लॅसबरीच्या निळ्या-पांढऱ्या कोंडाळ्याकडे बघत राहिला. तिथे आणखीही कुणाच्या टाचा, कुणाचे खांदे तो शोधत असावा. ग्लेनिसही बघत होती. कानांवरून एक मॅकनी ओळखू येत होता, तेही डूराबिनचंच जुनं घराणं. पाठीवरून कदाचित शूल्झ.

"छान खेळलास," रेक्स शेवटी म्हणाला. "आईला सांग."

परत येताना त्याचा गुडघा खरोखरच दुखत होता. कुंपणाशी नोएल उभा होता. त्याने ऐकलं होतं, कारण अशी बातमी चालत नाही, उडते.

"काय रे, लॅसबरीसाठी हॉर्न? तोही चार वेळा? तुला तर त्यांनी आजीव सभासद करून घ्यायला हवं."

"नोएल," ग्लेनिस म्हणाली, "तुझा चहा निवतोय."

नोएलने तिच्याकडे पाहिलं आणि तो खुर्चीकडे गेला.

दोघं गाडीत बसली. रेक्सने पट्टा लावला, जरी गाडी कुठेच जात नव्हती.

"तुला माहीत होतं."

"तो लॅसबरीचा आहे हे माहीत होतं. सकाळपासून. ट्रेगियर आहे हे नव्हतं."

"आणि मला हॉर्न वाजवू दिलास."

"हो."

"किळस येते," तो म्हणाला. त्याचा आवाज उंचावला नव्हता. "कुणाची म्हणून सांगू? तो बूट काढून बसणारा, तो ओकणारा, ते पुनर्बांधणीचं कीर्तन. आणि मी. रक्त बरोबर ओळखलं, आणि पोरगा..." त्याने वाक्य सोडून दिलं आणि काचेवरची माशी हाकलली. "तू चिडवत होतीस का मला?"

"नाही. तू हॉर्न वाजवत होतास, रेक्स. दोन वर्षांनी."

मैदानात माणसं आपापल्या जागी पांगत होती. कॅलम होल्ट गुडघे वर उचलत आघाडीला चालला होता. त्याच्या समोर त्याला अडवायला लॅसबरीचा जो उभा राहिला, त्याने त्याच्या पाठीत लाडाने गुद्दा मारला.

"बुधवारी पुन्हा तेच म्हणशील," रेक्स समोर बघत म्हणाला. "नमुना अपुरा आहे."

ग्लेनिसने वही बंद केली. ऑक्टोबरातच नमुना पुरेसा होता. डिसेंबरात त्याहून जास्त होता. एकतीस वर्षांत तिने एकाही ट्रकला इतका वेळ काट्यावर उभं केलं नव्हतं. तिने पेन्सिल वहीच्या कण्यात खोचली, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात शेवटच्या डावाचा भोंगा सुरू झाला. तो थांबेपर्यंत ती थांबली. ऐकू आलं नाही, असं त्याला म्हणता येऊ नये.

"नाही, रेक्स," ती म्हणाली. "बुधवारी मी हात वर करणार आहे. लॅसबरीबरोबर जायला."