टांगायचे नाहीत असे पंख

तारेची गुंडाळी. सिंकला चिकटलेलं निळं पीस. रेडिओवर मंत्री: लॉकडाउन, घरापासून पाच किलोमीटरच्या आतच. वृंदाचा नवरा उपेंद्र याच्या ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मागून पक्कडीची कटकट. आयर्लंडमधल्या एनिस गावचा वारा.

मार्च २०२१. पॅट्रिक डे या इथल्या सणाची मिरवणूक सलग दुसऱ्या वर्षी रद्द झाली होती. एरवी तिच्यात वृंदाच्या हॉस्पिटलातली त्रिनिदादची नर्स शेरिल तिकडच्या कार्निव्हलसारखे पंख लावून नाचायची. यंदा तिचा गुडघा गेला होता, म्हणून पंख लावणार होती डॉक्टर वृंदा. करणारही तीच, शेरिल फोनवरून शिकवेल तसे. मिरवणूक रद्द झाल्यावर उपेंद्रला वाटलं, सुटलो. वृंदाने पक्कड काही खाली ठेवली नाही. रस्त्यावर न गेलेला पोशाख म्हणजे नुसती तार, असं शेरिल पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

पंख झाले. पाठीवरच्या सांगाड्यापासून दोन्हीकडे दोन-दोन हात, निळेशार. वृंदाने ते ऐटीत फोनसमोर धरले. शेरिल म्हणाली, हलव. हलवले. पंख ढिम्म.

नागपूरला आकाशकंदिलाच्या काड्या बांधायची, तसा प्रत्येक सांधा तिने करकचून बांधला होता. कंदील म्हणजे काय, तेही समजावून सांगितलं. शेरिल पोट धरून हसली.

"तुझा कंदील टांगायचा असतो, बाई. हे नाचवायचं आहे. सोड सगळे सांधे."

सुट्टीचा अख्खा दिवस सोडण्यात गेला. टोकाला बारीक तार, सैल सांधा. आता नुसत्या श्वासानेही पिसं थरथरू लागली.

पॅट्रिक डेला सकाळी तिने पंख चढवले, तर उपेंद्र दारात उभा. शेजारी बघतील, गार्डा, म्हणजे इथले पोलीस, अडवतील, हॉस्पिटलात बोभाटा होईल, सगळं एका दमात.

"व्यायामाला बाहेर पडता येतं ना?"

"अगं, पण हे घालून?"

"काय घालायचं ते मंत्र्यांनी सांगितलेलं नाही. सरक, पीस अडकेल."

ती दारातून तिरकी निघाली. कोपऱ्यावर वाऱ्याने गाठलंच. पंख पार मागे वाकले आणि पुन्हा उभे राहिले. घट्ट सांधे तिथेच मोडले असते.

शेरिल आपल्या घराच्या फाटकाआड खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर गाडीचा जुना ब्रेक-ड्रम, हातात सळई. ती ठोकू लागली, वृंदा रस्त्यावर नाचू लागली, ताल चुकत. पोलिसांची गाडी हळू झाली, काच खाली आली. कुठे निघालात?

"चालायला," वृंदा म्हणाली, आणि थांबली नाही. सळईही थांबली नाही. काच वर गेली.

पंखांना वापरलेली तारेची ती गुंडाळी वृंदाने आदल्या ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या कंदिलासाठी आणली होती.